'चांदोबा' काढणारा माणूस : तेनालीच्या शेतकरी घरातले चक्रपाणी

'चांदोबा' हे नाव काढलं की आज पन्नाशीच्या पुढची माणसं एकदम खुलतात. एसटी स्टँडच्या बुकस्टॉलवर लटकवलेला तो रंगीत अंक, खांद्यावर प्रेत टाकून हातात तलवार घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम राजा, मागं चिंचोळ्या डोळ्यांची भुतं. ज्यांच्या घरी अंक विकत येत नव्हता त्यांनी वाचनालयात नाहीतर मास्तरांच्या घरी जाऊन वाचला. पान फाटलेलं असलं तर गोष्टीचा शेवट मित्राला विचारायचा. आपल्याला वाटायचं, हे मासिक पुण्या-मुंबईत कुठंतरी निघत असणार.

नाही मंडळी. ते मद्रासहून म्हणजे आताच्या चेन्नईहून निघायचं, आणि त्यातल्या गोष्टी आधी तेलुगूत लिहिल्या जायच्या. हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं ते चक्रपाणी. त्यांना जाऊन आता पन्नास वर्षं उलटली. आंध्र-तेलंगणात त्यांचं नाव अजून घराघरात आहे, आपल्याकडे मात्र ज्यांचं बालपण त्यांच्या मासिकावर गेलं त्यांनाही ते माहीत नाही. म्हणून हा लेख.

चक्रपाणी हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. खरं नाव आलूरी वेंकट सुब्बाराव. जन्म ५ ऑगस्ट १९०८, गाव तेनाली, जिल्हा गुंटूर. होय, तेच तेनाली, तेनालीरामनचं. आपल्या महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, सांगली करत कर्नाटकातून पुढं आंध्रात जाते आणि समुद्राला मिळण्याआधी जो सपाट, कालव्यांचा, भाताचा मुलूख तयार करते, त्या मुलखात हे गाव येतं. पाण्याला तोटा नाही, भाताला तोटा नाही, आणि नाटक-पुस्तकाचा नाद तर त्या भागाला पहिल्यापासूनच. घर मध्यम शेतकऱ्याचं. म्हणजे उपाशी कुणी नव्हतं, पण पोराला परदेशी शिकायला पाठवावं असं ऐश्वर्यही नव्हतं.

पोराला वाचायचं वेड होतं. गांधीजींच्या चळवळीचे ते दिवस. दक्षिणेत गावोगाव हिंदीचे वर्ग सुरू झाले होते. सुब्बारावांनी हिंदी उचलली, इंग्रजी, संस्कृत, तमिळ हेही बरंचसं स्वतःच्या हिमतीवर शिकले. 'चक्रपाणी' हे टोपणनाव त्यांना एका हिंदी पंडितानं दिलं, आणि ते असं चिकटलं की मूळ नाव कागदोपत्रीच राहिलं.

सगळं बरं चाललेलं असताना क्षय झाला. साल १९३२ च्या आसपासचं, वय चोवीस.

आज टीबी म्हटलं की सरकारी दवाखान्यात गोळ्यांचा कोर्स मिळतो, नेमानं घेतला की माणूस बरा होतो. त्या काळी तसं काही नव्हतं. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. त्याआधी क्षय झाला म्हणजे घरच्यांनी आशा सोडायची आणि शेजाऱ्यांनी येणं-जाणं सोडायचं. उपाय एकच : कोरड्या हवेच्या ठिकाणी सॅनेटोरियममध्ये जाऊन पडून राहायचं, दूध-अंडी खायची आणि शरीरानं साथ दिली तर परत यायचं. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला जसं क्षयाचं रुग्णालय होतं, तसंच तिकडे चित्तूर जिल्ह्यात मदनपल्लीला होतं. चक्रपाणींना तिथं दाखल केलं.

अशा जागी माणूस काय करतो? बहुतेक जण छताकडे बघत दिवस मोजतात. चक्रपाणींच्या ओळखीचा झाला तिथला एक बंगाली रुग्ण. चक्रपाणींनी त्याच्याकडून बंगाली शिकायला सुरुवात केली. नुसती बोलण्यापुरती नव्हे, पुस्तक वाचून त्याचं भाषांतर करता येईल इतकी. उद्या जगू की नाही याची खात्री नसलेला एक माणूस खाटेवर बसून तशाच दुसऱ्या माणसाकडून नवी लिपी गिरवतोय. हे नुसतं डोळ्यांपुढं आणून बघा.

ते बरे झाले आणि तेनालीला परत आले. येताना बंगाली भाषा घेऊन आले, आणि पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया तोच ठरला. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबऱ्या त्यांनी बंगालीतून थेट तेलुगूत आणल्या. आपल्याकडे मामा वरेरकरांनी शरदबाबूंना मराठीत आणलं आणि ते मराठी घरातलेच होऊन बसले, तसंच काहीसं तिकडं झालं. चक्रपाणींची भाषा इतकी सरळ आणि घरगुती होती की शरदबाबू हे तेलुगूच लेखक आहेत, अशी पुष्कळ वाचकांची समजूत होती म्हणतात. भाषांतरकाराला यापेक्षा मोठी पावती कुठली?

तेनालीतच १९३० च्या दशकात त्यांनी 'युवा' नावाचं मासिक काढलं. या कामात त्यांच्या बरोबर होते त्याच गावचे, वयानं एका वर्षानं लहान असलेले कोडवटिगंटी कुटुंबराव. हे नाव लक्षात ठेवा, पुढं फार कामाचं आहे.

पोट भरण्यासाठी म्हणा की हौसेनं म्हणा, चक्रपाणी सिनेमाकडे वळले. १९४१ च्या 'धर्मपत्नी' या तेलुगू सिनेमाचे संवाद त्यांचे. गंमत म्हणजे त्याची कथा आपल्या वि. स. खांडेकरांची होती. पुढं मद्रासला दिग्दर्शक बी. एन. रेड्डी यांच्या 'स्वर्गसीमा'साठी त्यांनी लेखन केलं. त्या ओळखीतून बी. एन. रेड्डींचे धाकटे भाऊ बी. नागी रेड्डी भेटले, आणि इथून गोष्टीला खरा वेग येतो.

नागी रेड्डी हे कडप्पा जिल्ह्यातल्या खेड्यातले. घरचा धंदा कांद्याचा. मद्रास बंदरातून परदेशी कांदा पाठवायचा. आपल्या लासलगाव-पिंपळगावच्या लोकांना हा धंदा काय असतो ते सांगायला नको : आज भाव आहे तर उद्या माल सडतोय. नागी रेड्डी त्या धंद्यात तयार झालेले, म्हणजे हिशेबाला पक्के आणि धोका पत्करायला न भिणारे. मद्रासला त्यांचा बी. एन. के. प्रेस हा छापखाना होता. छापखाना, पैसा आणि माणसं सांभाळण्याचं कसब एकाकडे, कल्पना आणि गोष्टीची जाण दुसऱ्याकडे. पुढं या दोघांची जोडी इतकी घट्ट झाली की सिनेमाच्या पाटीवर नागी रेड्डी-चक्रपाणी असं एका दमात यायचं. आपल्याकडे शंकर-जयकिशन म्हणतात तसं.

मुलांसाठी मासिक काढायची कल्पना चक्रपाणींची. तेलुगू अंक निघाला जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या एक महिना आधी. नाव 'चंदामामा'. पाठोपाठ तमिळ अंक आला, त्याचं नाव 'अंबुलीमामा'.

तो काळ मासिक काढण्याचा नव्हताच खरं तर. महायुद्ध नुकतंच संपलेलं, कागदाची टंचाई, देशात फाळणीची धामधूम. त्यात मुलांच्या मासिकाला जाहिराती कोण देणार? पण एक गोष्ट या दोघांच्या लक्षात आली होती. देशात अक्षरओळख होणारी पोरं वाढत होती आणि त्यांच्या हातात शाळेच्या पुस्तकाशिवाय काही नव्हतं. गोष्टी मात्र आजीच्या तोंडी रग्गड होत्या. राजे, राक्षस, मांत्रिक, बोलणारे पोपट, सात समुद्रापलीकडची बेटं. त्या कागदावर आणायच्या, आणि आजी सांगते तशाच सांगायच्या, एवढंच काम होतं. एवढंच म्हणतो खरं, पण ते करायला दुसरं कुणी पुढं आलं नव्हतं.

आपल्या मराठीला याबाबतीत कमी लेखायचं कारण नाही. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' मासिक १९०६ पासून निघत होतं. पण ते संस्कार, ज्ञान आणि गंमत असं मिश्रण होतं, आणि त्याचा वाचक मुख्यतः शहरातला, शिकलेल्या घरातला. 'चांदोबा'चा भर गोष्टीवर होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गोष्ट. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर चित्र. ज्याला धड वाचता येत नाही त्यालाही चित्रं बघून गोष्ट कळायची. खेड्यात हे मासिक पोचलं त्याचं मोठं कारण हे आहे, असं माझं मत.

१९४९ मध्ये कन्नड आणि हिंदी अंक सुरू झाले. १९५२ मध्ये मराठी आणि मल्याळम. हिंदीत 'चंदामामा', मल्याळममध्ये 'अंबिली अम्मावन', उडियात 'जन्हमामू'. नावं बघा, भारतभर चंद्र हा पोरांचा मामाच आहे. मराठीत मात्र 'चांदोबा' झाला. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या ओळीत बसणारं हे नाव ज्यानं कुणी सुचवलं त्याला आपली नस बरोबर कळली होती.

अंक तयार कसा व्हायचा?

आता थोडं धंद्याचं बोलू, कारण चक्रपाणी-रेड्डींची खरी हुशारी इथं आहे. चांगली रंगीत चित्रं काढून घ्यायची म्हणजे खर्च मोठा. एका भाषेच्या विक्रीवर तो परवडला नसता. म्हणून चित्रं सगळ्या भाषांना एकच. मजकूर आधी तेलुगूत तयार व्हायचा, मग मद्रासच्या वडपळणीतल्या 'चंदामामा'च्या इमारतीत बसलेली त्या त्या भाषेची माणसं तो आपापल्या भाषेत उतरवायची. चित्राची जागा ठरलेली, त्यामुळे भाषांतर त्या चित्राभोवती बरोबर बसलं पाहिजे. तेलुगूतलं लांबलचक वाक्य मराठीत छोटं होणार, तमिळमध्ये आणखी वेगळं होणार, तरी पानावर चित्राशेजारी त्याच प्रसंगाचा मजकूर यायला हवा. महिन्याच्या महिन्याला, इतक्या भाषांत, हे काम म्हणजे एकाच मांडवात दहा-बारा लग्नं लावण्यासारखं होतं.

चित्रकारांच्या बाबतीत या दोघांनी काटकसर केली नाही. एम. टी. व्ही. आचार्य, 'चित्रा' या नावानं काढणारे राघवन, मुखपृष्ठांसाठी वड्डादी पापय्या, आणि 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन. विक्रम-वेताळाचं ते कायमचं चित्र शंकर यांचं. ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि तब्बल सहा दशकं त्याच घरासाठी काढत राहिले. २०२० मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी गेले, तेव्हा देशभरच्या पेपरांनी ते विक्रमाचं चित्र पुन्हा छापलं. मराठी अंकातली देवळं गोपुरांची का, बायकांचे दागिने आपल्यापेक्षा वेगळे का, हे लहानपणी ज्यांना पडलेलं कोडं असेल, त्याचं उत्तर हे. चित्रकार दाक्षिणात्य, डोळ्यांसमोरचं देऊळ दाक्षिणात्य. पण एका अर्थी बरंच झालं. आपल्या पोरांना दुसऱ्या मुलखाची ओळख न शिकवता झाली.

मजकुराची जबाबदारी १९५२ पासून आली कुटुंबरावांवर, आणि ती त्यांनी १९८० मध्ये मरेपर्यंत सांभाळली. हा माणूस विचारानं मार्क्सवादी, देव-भूत न मानणारा. आणि तो दर महिन्याला रामायण-महाभारतातल्या कथा, वेताळ आणि राक्षस मुलांसाठी लिहून काढायचा, इतरांनी पाठवलेल्या गोष्टी पुन्हा लिहून सोप्या करायचा! चक्रपाणींना त्याच्या विचारांशी घेणं-देणं नव्हतं. गोष्ट सरळ, बोलल्यासारखी लिहिता येते ना, एवढं त्यांनी बघितलं. कुटुंबरावांनीही पुराण सांगताना आपला विचार मध्ये घुसडला नाही. आजच्या काळात, जिथं व्हॉट्सअॅपच्या एका मेसेजवरून भावकी तुटते, तिथं अशी दोन माणसं आयुष्यभर एका टेबलावर काम करत होती, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

वेताळाच्या मूळ संस्कृत गोष्टी पंचवीस. त्या किती महिने पुरणार? संपल्यावर 'चंदामामा'वाल्यांनी चौकट तीच ठेवली आणि आत नवीन गोष्टी घालायला सुरुवात केली. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी न्यायाचा किचकट प्रश्न टाकतो, राजा उत्तर देतो, त्याचं मौन मोडतं आणि वेताळ पुन्हा झाडावर. अशा गोष्टी शेकड्यांनी छापल्या, दशकानुदशकं. यात एक मेख होती. प्रश्न वाचल्यावर पोरगं पुढं वाचायचं थांबायचं आणि स्वतः उत्तर शोधायचं. घरात वाद व्हायचे : खरा त्याग कुणाचा, नवऱ्याचा की चोराचा? एवढ्या किमतीत असा वाद घालायला शिकवणारी दुसरी शाळा खेड्यात नव्हती.

संपादक हरला, पोरं जिंकली

'चांदोबा'तली दुसरी मोठी ओढ म्हणजे क्रमशः कथा. त्या लिहायचे दासरी सुब्रह्मण्यम्. हेही १९५२ च्या सुमाराला संपादक मंडळात आलेले. पहिली मालिका धूमकेतूवरची, मग मकरदेवता, तीन मांत्रिक, ज्वालाद्वीप, पाताळदुर्ग, यक्षपर्वत, मायासरोवर अशा एकामागून एक. नावांवरूनच कळतं आत काय असणार. दोन धाडसी तरुण, एक दुष्ट मांत्रिक, जंगल, पडकं देऊळ, अर्धा माणूस अर्धा प्राणी असला कुणीतरी, आणि दर महिन्याच्या शेवटी नायक अशा ठिकाणी अडकलेला की पुढचा अंक येईपर्यंत झोप लागू नये.

आता गंमत अशी, की खुद्द चक्रपाणींना हे फारसं आवडत नव्हतं. शरदबाबूंवर वाढलेला माणूस तो. मांत्रिक आणि गुहा किती दिवस चालवायच्या, पोरांना जरा चांगलं साहित्य द्यावं, असं त्यांना वाटायचं. मालक-संपादक तेच, त्यांना अडवणार कोण? त्यांनी सुब्रह्मण्यम् यांच्या मालिका थांबवल्या आणि त्या जागी बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी' सुरू केली. बंगालीतली मानाची कादंबरी. वाचकांना ती रुचली नाही. खप खाली आला. पोरांना मांत्रिक पाहिजे होता, आणि तो नव्हता.

अशा वेळी पुष्कळ संपादक वाचकालाच अडाणी ठरवून मोकळे होतात. चक्रपाणी तसे नव्हते. सुब्रह्मण्यम् यांच्या मालिका परत आल्या. स्वतःची आवड बाजूला ठेवली आणि पोरांचं ऐकलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टींत ही एक आहे, जरी तिचा गाजावाजा कधी झाला नाही. कारण स्वभावानं हा माणूस ऐकून घेणारा अजिबात नव्हता.

स्वभावाचा किस्सा सांगायचा तर सिनेमाकडे जावं लागेल. रेड्डी-चक्रपाणींनी विजया प्रॉडक्शन्स ही संस्था काढली, वाहिनी स्टुडिओ चालवायला घेतला. १९५० चा 'शावुकारु' पहिला. १९५१ चा 'पाताळ भैरवी' तर सरळ 'चांदोबा'च्या पानातूनच उतरल्यासारखा : माळ्याचा पोरगा, उज्जैनची राजकन्या, नेपाळचा मांत्रिक. एन. टी. रामाराव या सिनेमानं मोठे झाले, तेच पुढं आंध्रचे मुख्यमंत्री. १९५७ चा 'मायाबाजार' म्हणजे आपल्याकडचं वत्सलाहरण, घटोत्कचानं लग्नाच्या मांडवात केलेली धमाल. तेलुगू माणसाला तो अजून तोंडपाठ आहे.

आणि १९५५ चा 'मिस्सम्मा'. ही पटकथा चक्रपाणींची, मूळ बंगाली नाटकावरून. म्हणजे सॅनेटोरियममधली बंगाली पुन्हा कामी आली. नायिका ठरली होती भानुमती, त्या वेळची फार मोठी नटी. काही रिळं चित्रित झाली होती. एक दिवस त्या घरच्या पूजेमुळे सेटवर उशिरा आल्या. चक्रपाणींनी माफीची चिठ्ठी मागितली. त्यांनी नाही म्हटलं. तेव्हा झालेली रिळं चक्रपाणींनी त्यांच्या देखत जाळून टाकली, असं तेलुगू सिनेमाच्या इतिहासात सांगितलं जातं. मग नायिकेचं काम सावित्रीला मिळालं आणि सिनेमा तुफान चालला. भानुमतींचं चुकलं की चक्रपाणींचं, यावर तिकडं अजून दोन तट आहेत. मला विचाराल तर पूजेला उशीर झाला म्हणून रिळं जाळणं हा हट्टच. पण असा हट्टी माणूस पोरांच्या पसंतीपुढे वाकला, म्हणून वरच्या गोष्टीला किंमत.

दोष काढायचे तर 'चांदोबा'तही निघतात. राजा चांगला, सावकार लोभी, बाई एक तर सोशिक नाहीतर कजाग, आणि गरीब माणसाचं भलं व्हायचं ते राजाच्या कृपेनं किंवा देवीच्या वरानं. शेतकरी गोष्टीत यायचा, पण त्याची पाणीपट्टी, कर्ज, तलाठी यांतलं काही नाही. पुराणातल्या जगात काळ थांबलेला. बाहेर धरणं होत होती, निवडणुका होत होत्या, त्याचा मागमूस गोष्टींत फारसा नाही. १९७१ मध्ये आपल्या बालभारतीनं 'किशोर' सुरू केलं, त्यात आजच्या मुलांचं जग आलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर पक्का इथल्या मातीतला. ती वाट 'चांदोबा'नं धरली नाही. तसं म्हटलं तर त्याचं ते कामही नव्हतं.

पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. हिंदू पुराणाशेजारी जातक कथा, अरबी कथा, युरोपातल्या लोककथा असं सगळं एका अंकात यायचं, आणि ते परकं वाटायचं नाही. बगदादचा व्यापारी आणि उज्जैनचा वाणी पोरांच्या डोक्यात शेजारीशेजारी राहायचे. अंकाच्या शेवटी फोटोंना शीर्षक द्यायची स्पर्धा असायची. दोन फोटो, त्यांना जुळणाऱ्या दोन ओळी पोस्टकार्डावर लिहून पाठवायच्या. खेड्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यातलं पहिलं पत्र मद्रासच्या पत्त्यावर टाकलं असेल.

चक्रपाणी २४ सप्टेंबर १९७५ रोजी मद्रासला गेले. वय सदुसष्ट. चोविसाव्या वर्षी ज्याची आशा सोडण्यासारखी स्थिती होती तो माणूस त्यानंतर त्रेचाळीस वर्षं जगला, आणि त्या वर्षांत त्यानं दोन मासिकं उभी केली, शरदबाबू तेलुगूत नेले आणि तेलुगू सिनेमाला त्याचे सगळ्यात लाडके चित्रपट दिले. नागी रेड्डी मागं राहिले. १९८६ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. २००४ मध्ये तेही गेले.

मासिक दोघांच्या पुढच्या पिढीनं चालवलं. पण टीव्ही आला, कॉमिक्स आली, खप उतरला. १९९८ मध्ये कामगारांच्या वादात अंक बंद पडला, वर्षभरानं पुन्हा सुरू झाला. २००७ मध्ये मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं तो विकत घेतला. मोबाइलवर, इंटरनेटवर आणायच्या योजना झाल्या. कंपनीच अडचणीत आली आणि २०१३ मध्ये छपाई कायमची थांबली. सहासष्ट वर्षं झाली होती.

जुने अंक आता रद्दीत मिळत नाहीत, जमवणारे लोक ते हुडकून चांगल्या किमतीला घेतात. काही जुन्या अंकांची पानं स्कॅन करून लोकांनी इंटरनेटवर ठेवलेली आहेत, त्यांत मराठीही आहेत. तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, शाळेच्या कपाटात बांधणी केलेले 'चांदोबा' पडून असतील तर वाळवी लागायच्या आत बाहेर काढा. मुखपृष्ठ गेलेलं असलं तरी चालेल, आत शंकर यांचा विक्रम असेलच.